हॉपकिन्स की रटगर्स? डॉक्टर व्हायला निघालेल्या लेकीच्या आईला

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे. गेली एकवीस वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मोठी लेक यंदा बारावी होतेय, धाकटा सातवीत आहे. लेकीचा जन्म इथलाच. तिला डॉक्टर व्हायचंय. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तिला प्रवेश मिळालाय आणि न्यू ब्रन्सविकला रटगर्स या सरकारी विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजातही. आमच्या पगारामुळे हॉपकिन्सकडून एका डॉलरचीही मदत नाही. राहण्या-जेवणासकट वर्षाला ९२ हजार डॉलर पडतील. रटगर्सने स्कॉलरशिप दिलीय, ती वजा जाता २६ हजार. तिच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, २ लाख १० हजार साठलेत. कमी पडतील तेवढ्यासाठी हे घरावर कर्ज काढायला तयार आहेत. सांगलीला सासूबाईंनी हॉपकिन्सचे पेढेसुद्धा वाटले. मैत्रिणी म्हणतात, हॉपकिन्स सोडून रटगर्सला कोण जातं? तिथे तर आपल्या गल्लीतली सगळीच मुलं जातात. लेक मात्र काही बोलत नाही. विचारलं की म्हणते, ‘तुम्ही ठरवा.’ दर शनिवारी ती एका नर्सिंग होममध्ये मदतीला जाते. तिथे एक गुजराती आजी आहेत, त्या इंग्रजी विसरून गेल्यात, त्यांना ही जेवण भरवते. तिथून आली की तासभर बोलत असते, पण कॉलेजचा विषय निघाला की उठून खोलीत जाते. १ मेपर्यंत कळवायचंय. एक सांगते, १९९५ साली बारावीला पीसीबीत दोन मार्कांनी माझं मेडिकल हुकलं. मग बीएस्सी, मग कॉम्प्युटर. त्यामुळे हिच्या बाबतीत चूक व्हायला नको. काय करावं?

उत्तर:

तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. तुम्ही कळवलेले आकडे पाहता माझं मत रटगर्सकडे आहे. आता असं का म्हणते ते नीट सांगते, कारण ‘रटगर्स घ्या’ एवढं ऐकून तुमचं समाधान होणार नाही आणि सासूबाईंना फोनवर सांगायलाही ते पुरणार नाही.

सुरुवात पेढ्यांपासूनच करू. सांगली-मिरजेकडे मेडिकलला नंबर लागला की घरात डॉक्टर झाला असं धरून चालतात, आणि त्यात चूक काहीच नाही. ‘नीट’ परीक्षा दिली, सीट मिळाली, की साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एमबीबीएस हातात. अमेरिकेत तुमच्या लेकीला आज मिळालाय तो प्रवेश त्या जातीचा नाही. प्री-मेड ही शाखा नाही, डिग्री नाही, सीट तर नाहीच नाही. ती चार वर्षांची कुठलीही पदवी घेता घेता बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स असे ठरलेले विषय लॅबसकट पूर्ण करणार, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देणार आणि मग सगळ्यांच्या बरोबरीने मेडिकल स्कूलला नव्याने अर्ज करणार. हॉपकिन्सच्या पदवी कॉलेजात बसलेल्या मुलीचा हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलवर काही हक्क लागत नाही. ते दार वेगळं आहे आणि चार-पाच वर्षांनी ते पुन्हा ठोठवावं लागतं. पुढे मेडिकल स्कूलची चार वर्षं आणि त्यावर तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण.

हे पूर्वी असं नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये इथे आल्या, तुमच्या एडिसनपासून फार लांब नसलेल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंकडे उतरल्या आणि कुठलीही पदवी हातात नसताना थेट फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्यासुद्धा. ‘आधी पदवी, मग वैद्यक’ हा दंडक ठामपणे घातला तो १८९३ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने, आणि मेडिकलच्या शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर तो हळूहळू देशभर पसरला. सासूबाईंना हे जरूर सांगा. आनंदीबाईंचं नाव त्यांना ठाऊक असणारच, आणि नात अजून पहिल्या पायरीवर आहे हे त्यांना त्यातून चटकन कळेल.

तर मग या पहिल्या पायरीवर काय कमवायचं असतं? मी एकोणीस वर्षं एका सरकारी विद्यापीठात प्री-मेडच्या मुलांना सल्ला द्यायचं काम करतेय, त्याआधी काही वर्षं एका खासगी कॉलेजात हेच काम केलं. या सगळ्या काळात प्रवेश समित्या आधी ज्या गोष्टी बघतात त्या फारशा बदललेल्या दिसल्या नाहीत. जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी काढलेली सरासरी, त्यातही विज्ञान आणि गणिताचा वेगळा काढलेला जीपीए. एमकॅट. रुग्णांजवळ घालवलेले तास. आणि मुलीला खरोखर ओळखणाऱ्या प्राध्यापकांची पत्रं. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, दरवर्षी आकडे जाहीर करते. एमडीसाठी, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीसाठी, पन्नास हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात, साधारण २३ हजार आत जातात. आत जाणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास असतो आणि एमकॅट ५२८ पैकी ५१२ च्या आसपास. याच संघटनेच्या यादीत सर्वांत जास्त अर्जदार कुठून येतात तेही दिलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं वरच्या नंबरांवर यूसीएलए, टेक्सास ऑस्टिन, मिशिगन, फ्लोरिडा अशी मोठी सरकारी विद्यापीठंच दिसतात. तुमच्या गल्लीतली मुलं रटगर्सला जातात, तशी त्या-त्या राज्यातल्या गल्ल्यांतली मुलं तिथे जातात, आणि त्यांच्यातली पुष्कळ डॉक्टर होतात.

कॉलेजच्या नावाला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. संशोधनावर भर देणाऱ्या काही मेडिकल स्कूलांत नाव थोडं वजन टाकतं. पण माझ्या अनुभवात ते वजन ३.५ जीपीएला ३.९ च्या बरोबरीला आणण्याइतकं कधीच नसतं.

आणि जीपीए इथे एकदा घसरला की वर आणणं किती कठीण आहे, हे आपल्याकडून आलेल्या आईवडिलांना बहुतेक वेळा उशिरा कळतं. आपल्या डोक्यात केटी असते. विषय राहिला तर राहिला, पुढच्या खेपेला सोडवू, मार्कशीटवर शेवटी पास दिसलं की झालं. मेडिकलचे अर्ज ज्या केंद्रीय व्यवस्थेतून जातात, त्या ॲमकॅसमध्ये विषय पुन्हा घेतला तरी पहिली ग्रेड पुसली जात नाही. दोन्ही मोजल्या जातात.

एक सकाळ मला आजही आठवते. ऑक्टोबरचा शेवट, साडेआठ वाजले असतील. दारात एक आपलाच मुलगा उभा, पहिल्या वर्षाचा, हातात ऑर्गॅनिकच्या मॉडेल किटचा प्लास्टिकचा डबा. खुर्चीत बसला, डबा उघडला आणि बोलता बोलता काळ्या गोळ्यांचं सहा कार्बनचं कडं जोडायला लागला. जोडायचा, मोडायचा, पुन्हा जोडायचा. म्हणाला, ‘काकू, एकेचाळीस पडले.’ शाळेत हा मुलगा पहिला यायचा. शाळेतच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षेत केमिस्ट्रीला पाचपैकी पाच होते, म्हणून वडिलांनी सांगितलं, जनरल केमिस्ट्री कशाला पुन्हा, क्रेडिट घे आणि सरळ ऑर्गॅनिकला बस, एक वर्ष वाचेल. तो पहिल्याच सत्रात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये जाऊन बसला. त्या सत्रात सी मिळाला, पुढच्यात सी प्लस. त्यानंतर तो फार चांगला शिकला, ए पाठोपाठ ए, तरी आकडा व्हायला हवा होता तितका वर आला नाही. पदवीनंतर आणखी दोन वर्षं घालून, आणखी विज्ञानाचे विषय घेऊन त्याला तो वर ओढावा लागला. आज तो डॉक्टर आहे, उत्तम डॉक्टर आहे. पण वाचवायला गेलेल्या एका वर्षाची त्याने दोन वर्षं भरली. तुमच्या लेकीला कुठल्याही कॉलेजात घाला, पहिल्या सत्रात तिला एपीच्या जोरावर पुढच्या वर्गात ढकलू नका. कित्येक मेडिकल स्कूलांना या विषयांसाठी एपीचं क्रेडिट एकटं चालतही नाही, त्यांना कॉलेजात शिकलेलाच विषय लागतो.

आता हे हॉपकिन्स-रटगर्सच्या प्रश्नाशी कसं जोडलेलं आहे ते बघा. या विज्ञानाच्या वर्गांत बहुतेक ठिकाणी कर्व्ह असतो, म्हणजे तुम्हाला किती आलं याच्याइतकंच शेजारच्याला किती आलं हेही महत्त्वाचं. हॉपकिन्सच्या वर्गात शेजारी बसलेली बहुतेक मुलं आपापल्या शाळेत पहिली आलेली, आणि त्यातली खूप जण डॉक्टर व्हायचं ठरवूनच आलेली. अशा वर्गाच्या मध्यावर असणं ही काही नामुष्की नव्हे, पण ट्रान्सस्क्रिप्टवर मध्य म्हणजे बी. विद्यापीठाचं धोरण ग्रेडवर किती परिणाम करतं, याचं उदाहरण तुमच्याच राज्यात आहे. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ए श्रेणीच्या ग्रेड ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं धोरण आणलं आणि दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, ते मागे घेतलं. मधल्या काळातली मुलं काही कमी हुशार नव्हती.

रटगर्सला ऑर्गॅनिक सोपं असतं असा मात्र समज करून घेऊ नका, आणि लेकीचा तर मुळीच होऊ देऊ नका. तिथेही शेकडो मुलांचा वर्ग असतो, तिथेही पहिल्या मिडटर्मनंतर खूप जण वाट बदलतात. फरक इतकाच की तिथे चाळणीतून पार पडायला तिला थोडी जास्त जागा आहे, आणि पाय घसरला तर सावरायला तुम्ही वीस मिनिटांवर आहात. दुसऱ्या गोष्टीचं मोल मी कमी समजत नाही.

पैशांकडे येऊ. इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण आपल्याकडे ‘शिक्षणासाठी पैशाकडे बघू नये’ असं म्हणून हा विषय झाकला जातो. फरक वर्षाला ६६ हजारांचा आहे. चार वर्षांत २ लाख ६४ हजार. तेही फी मुळीच वाढणार नाही असं धरून, आणि ती वाढतेच. हॉपकिन्स घेतलं तर ५२९ खातं अडीच वर्षंही पुरत नाही, तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच घरावरचं कर्ज सुरू होतं. आणि हे सगळं झाल्यावर ती मेडिकल स्कूलच्या दाराशी पोचते, जिथे खरा मोठा खर्च सुरू होतो. सरकारी मेडिकल स्कूलला राज्यातल्या मुलांनाही राहण्या-खाण्यासकट चार वर्षांत अडीच लाखांच्या पुढे जातात, खासगीला साडेतीन लाखांच्या पुढे. तेव्हा खातं रिकामं, घर गहाण, आणि तुमचा धाकटा कॉलेजच्या उंबरठ्यावर.

पूर्वी आईवडील म्हणायचे, मेडिकलसाठी सरकार हवं तेवढं कर्ज देतं, डॉक्टर झाली की फेडेल. तेही आता बदललं. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ग्रॅड प्लस हे कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद. मेडिकलसारख्या व्यावसायिक शिक्षणाला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर, एवढीच मर्यादा. त्याच्या वरचे पैसे स्वतःचे, नाहीतर खासगी बँकेचे, तिच्या व्याजाने आणि तिच्या अटींवर. आईवडिलांच्या नावावर निघणाऱ्या पेरेंट प्लसलाही वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आलीय. म्हणजे पदवीच्या वेळी उडवलेला प्रत्येक डॉलर मेडिकलच्या वेळी आपल्याला महागात परत आणावा लागणार.

रटगर्स घेतलं तर? चार वर्षांचे १ लाख ४ हजार खात्यातून गेले, लाखाच्या वर उरले. ५२९ चे पैसे मेडिकल स्कूललाही वापरता येतात. समजा तिचा विचार बदलला, तर भावाच्या नावावर फिरवता येतात. घर तुमचं मोकळं राहतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०१८ पासून सगळ्यांची ट्यूशन माफ केलीय, ब्राँक्सच्या आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजने रूथ गॉट्समन यांच्या १०० कोटी डॉलरच्या देणगीतून २०२४ पासून तेच केलं. अशा बातम्या व्हॉट्सॲपवर फिरतात आणि आईवडिलांना वाटतं, तोपर्यंत सगळीकडे फुकट होईल. तिथल्या थोड्या जागांसाठी सगळा देश अर्ज करतो. त्या भरवशावर हिशेब मांडू नका.

एका गोष्टीपासून सावध करते, कारण या महिन्यात तुमच्या टेबलावर चकचकीत माहितीपत्रकं येऊन पडली असतील. ‘आमच्या ८५ टक्के विद्यार्थ्यांना मेडिकलला प्रवेश मिळतो,’ असं वाचलंत की आधी विचारायचं, कशाच्या ८५ टक्के? मी पूर्वी ज्या खासगी कॉलेजात होते तिथेही असा आकडा छापला जायचा. पहिल्या वर्षी वीस मुलं डॉक्टर व्हायला निघाली असं धरा. ऑर्गॅनिकनंतर दहा राहिली. मग कॉलेजच्याच प्री-मेड समितीला ज्यांचं जमणार नाही असं वाटलं त्यांना तिने समितीचं पत्र, म्हणजे मेडिकल स्कूलला जाणारं कॉलेजचं शिफारसपत्र, द्यायला नकार दिला, किंवा अजून वर्षभर थांबा म्हणून सांगितलं. अर्ज सहा जणांनी केला, पाच जणांना मिळाला. पत्रकात पाचाला सहाने भागून छापलं. त्या नकाराच्या दोन-तीन बैठकांना मी होते. एक मुलगी बाहेर बाकावर बसली होती, तिला ‘यंदा नको’ हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती पुढे दुसऱ्या वाटेने मेडिकलला गेली, पण आमच्या टक्केवारीत ती कधी मोजली गेली नाही, ना नापासात ना पासात. म्हणून दोन्ही विद्यापीठांच्या प्री-मेड सल्लागारांना सरळ ईमेल करा. पहिल्या वर्षी किती मुलांनी नोंद केली, अर्ज किती जणांनी केला, समितीचं पत्र असतं का, ते कुणाला नाकारलं जातं, एका सल्लागाराकडे किती मुलं असतात. उत्तर कसं येतं, किती दिवसांनी येतं, यातूनही बरंच कळतं. ईमेल लेकीने लिहावी.

हॉपकिन्सची बाजू मांडल्याशिवाय राहिले तर मी अन्याय करीन. संशोधनाची तिथे जी सोय आहे ती फार थोड्या ठिकाणी आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं पोर एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत शिरू शकतं, शटलमध्ये बसलं की पूर्व बाल्टिमोरमधलं त्यांचं जगप्रसिद्ध रुग्णालय. उद्या ती म्हणाली की मला एमडीबरोबर पीएचडी करायचीय, मला आयुष्य प्रयोगशाळेत घालवायचंय, आणि तुमच्या खात्यात दोनाऐवजी सहा लाख असते, तर मी हॉपकिन्स म्हटलं असतं आणि पुन्हा विचारही केला नसता. बाल्टिमोरला गेल्याने न्यू जर्सीचं रहिवासीपण जाईल अशी भीती काही पालकांना असते. तुम्हालाही ती असती तर मी ती खोडून काढली असती, कारण आईवडील इथेच असतील आणि ती तुमच्यावर अवलंबून असेल तर ते सहसा जात नाही. पण तुमच्या पत्रात संशोधनाबद्दल एक शब्द नाही. तुमच्या पत्रात त्या गुजराती आजी आहेत.

त्या दोन ओळी मी तीनदा वाचल्या. दर आठवड्याला इंग्रजी विसरलेल्या एका म्हातारीला घास भरवणारी आणि घरी येऊन त्यावर तासभर बोलणारी सतरा-अठरा वर्षांची मुलगी. अशा मुली फार नसतात. अर्जासाठी तास भरायचे म्हणून रुग्णालयात जाणारी मुलं मी शेकड्याने बघितली आहेत. त्यांना विचारलं, तिथे काय पाहिलंस, तर ‘खूप काही शिकायला मिळालं’ म्हणतात आणि गप्प बसतात. तुमची लेक आजी कुठला घास थुंकतात आणि कुठला गिळतात ते सांगत असेल. प्रवेशाच्या मुलाखतीत समोरची माणसं हेच ऐकायला बसलेली असतात, आणि त्याही पलीकडे, डॉक्टर म्हणून पुढे तिला हेच उपयोगी पडणार आहे. न्यू ब्रन्सविकला राहिली तर हे शनिवार चालू राहू शकतात. शिवाय रॉबर्ट वुड जॉन्सन आणि सेंट पीटर्स ही दोन्ही मोठी रुग्णालयं त्याच गावात आहेत आणि रटगर्सचं मेडिकल स्कूलही.

रटगर्सची अडचण वेगळी आहे. ते अवाढव्य आहे. चार कॅम्पस, एका वर्गाहून दुसऱ्या वर्गाला बसने जायचं, विज्ञानाचं बरंचसं बुश कॅम्पसवर. तिथे कुणी तुम्हाला हाक मारून बोलावत नाही. बोलायला संकोचणारी मुलगी मागच्या बाकावर चार वर्षं काढू शकते, आणि मग शिफारसपत्र द्यायला तिला ओळखणारा एकही प्राध्यापक नसतो. तुमची लेक घरी गप्प असते असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे आवर्जून सांगते. पहिल्या महिन्यापासून प्रत्येक सत्रात निदान एका प्राध्यापकाच्या ऑफिस अवरला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, जायचंच, प्रश्न असो वा नसो. ऑनर्स कॉलेजचा उपयोग यासाठी करून घ्यावा. तिथले वर्ग छोटे असतात, तिथे चेहरा ओळखीचा होतो.

विषयाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. मेजर बायॉलॉजीच घ्यावं असं काही नाही. तत्त्वज्ञान, इतिहास, भाषा शिकून मेडिकलला गेलेली मुलं आहेत, आणि प्रवेशाच्या प्रमाणात ती मागे पडत नाहीत. एमकॅटच्या चार भागांपैकी एक भाग तर केवळ उतारे वाचून नीट समजून घेण्याचा असतो, समाजशास्त्राचे, कलेचे, तत्त्वज्ञानाचे उतारे. पाठांतराने तो सुटत नाही, आणि आपली हुशार मुलं नेमकी तिथे अडकतात. तिला आवडेल ते वाचू द्या. कॉलेज निवडताना हेही बघा की डॉक्टरकीचा विचार बदलला तर तिथे तिला आणखी काय करावंसं वाटेल, कारण पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणणाऱ्यांतली बरीच मुलं पुढे दुसरीकडे वळतात. त्यात लाजायचं काही नाही. मात्र ९२ हजारांच्या कॉलेजात घराच्या कर्जावर बसलेल्या मुलीला ‘मला हे नको’ असं म्हणणं फार अवघड होऊन बसतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि पदवीनंतर लगेच मेडिकलला जायलाच हवं अशीही घाई नको. आता बहुतेक मुलं मध्ये एखाद-दोन वर्षं काम करून मग जातात.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. ज्यांची मुलं अजून एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत त्यांनी कॉलेजच्या नावाआधी त्याचा विचार करावा. एकविसाव्या वर्षी ते स्टेटस संपतं, ग्रीन कार्डची रांग तोवर सरकेलच असं नाही, आणि पुष्कळ मेडिकल स्कूलं फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना घेतात. जी घेतात त्यांतली काही आधीच फीचे पैसे बाजूला काढून दाखवायला सांगतात. इमिग्रेशनच्या वकिलाशी अकरावीतच बोला. आणि ज्यांची मुलं अकरावीत आहेत, त्यांनी ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा पीएलएमई किंवा कॉलेज ऑफ न्यू जर्सी (टीसीएनजे) आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूलचा सात वर्षांचा जोडकार्यक्रम बघून ठेवावा. तिथे मेडिकलची जागा आधीच, अटींवर, राखलेली असते. अर्ज फार लवकर करावे लागतात.

आता ते दोन मार्क. तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते सगळं पत्र त्या ओळीसाठीच होतं. आमच्या पिढीतल्या किती मुलींचं असं एक-दोन मार्कांनी गेलं. तेव्हा सीईटी नव्हती, एका जूनमध्ये निकालाच्या एका कागदावर ठरायचं. ते दुःख खरं आहे, आणि तीस वर्षांनीही खरं आहे. म्हणूनच हॉपकिन्सचं पत्र आलं तेव्हा तुमच्या घशाशी काय आलं असेल ते मला कळतं. पण लेकीने ते बघितलंय. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या मुलीला मत नसतं असं नाही. बहुधा तिला तुमचं मन मोडवत नसतं. मला वाटतं, तिच्या मनात रटगर्स आहे आणि तुमच्याकडे बघून ती ते बोलत नाहीये. माझा अंदाज चुकीचाही असेल. एकदा दोघीच चहा घेऊन बसा आणि तुमच्या बारावीची सगळी हकीगत तिला सांगा, निकाल कुठे बघितलात, घरी कोण काय म्हणालं, पुढे काय झालं. सल्ला देऊ नका, विचारू नका. फक्त सांगा. मग ती काय बोलते ते ऐका, त्याच दिवशी नाही बोलली तरी दोन-चार दिवसांत बोलेल.

तिला हॉपकिन्सच हवं असेल, खरंच हवं असेल, तर मला पुन्हा लिहा. मग खर्च कसा कमी करता येईल ते आपण बसून बघू. पण घरावर कर्ज काढायच्या आधी लिहा.

आणि एप्रिल संपायच्या आत दोन्हीकडे तिला एकेक दिवस घालवू द्या. विद्यापीठाच्या मार्गदर्शित फेरीला नको, तिथे सगळीकडचं गवत सारखंच हिरवं दिसतं. चालू वर्ग बघायला. आधी ईमेल करून ऑर्गॅनिकच्या वर्गात मागे बसायची परवानगी मागावी. वर्ग सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलांशी बोलावं, मिडटर्मला काय पडलं, अडलं तर कुणाकडे जाता, रात्री झोपता किती. तुम्ही गाडीत थांबा किंवा कॅफेत बसा, तिच्याबरोबर आत जाऊ नका. गुरुवारी-शुक्रवारी वर्ग भरतात, तेव्हा जा. शनिवार ठेवू नका, त्या आजी वाट बघत असतील.